भाजी-फळांची कूपनं: पैसा कुठे लागतो, योजना कुठे अडते

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी एका वस्तीत काम करणाऱ्या गटाला एका कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या (सीएसआर) निधीतून सहा महिन्यांसाठी पैसे मिळणार आहेत. शंभर कुटुंबं, प्रत्येक घरात सहा वर्षांखालचं निदान एक मूल, महिनाअखेरीला जेवणाची ओढाताण. मुलांच्या पोटात भाजी आणि फळं जावीत म्हणून कूपनं द्यायचा विचार आहे. रक्कम किती ठेवावी, कूपन कसं असावं, भाजीवाले तयार होतील का, आणि गैरवापर कसा टाळावा?

गैरवापराचा विषय सगळेच आधी काढतात आणि विचारताना नजर कुटुंबांवर असते. तिथे फार काही होत नाही. अशी योजना अडते ती भाजीच्या गाडीपाशी. विक्रेत्याला पैसे कधी मिळतात, सुट्ट्यांचं काय होतं, कूपनवाल्या बाईला तो कोणता भाव सांगतो, या तीन गोष्टींवर सगळं ठरतं. म्हणून या उत्तरात पोषणापेक्षा भाजीवालाच जास्त जागा घेईल.

तरी सुरुवात पोषणापासूनच करू, कारण कूपनकडून नको ती अपेक्षा ठेवली जाते. भाजी आणि फळं मुलाला अ आणि क जीवनसत्त्व, फोलेट, थोडं लोह आणि तंतू देतात. ताकद आणि प्रथिनं त्यातून फारशी मिळत नाहीत. मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषण आहे. तिथे मेथीची जुडी हा उपाय नाही. अंगणवाडीसेविकेला किंवा महापालिकेच्या दवाखान्याला त्याच दिवशी कळवायचं. ११.५ ते १२.५ मधलं मूलही त्यांच्या नजरेखाली हवं. दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी कार्यकर्तीच्या पिशवीत कायम असू द्या, सहा महिने ते पाच वर्षांच्या प्रत्येक मुलाला ती नोंदणीच्या वेळी एकदा लावा.

ज्या घरात दोन वेळच्या पोळी-भाताचीच मारामार आहे, त्या घराला आधी धान्य हवं. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य आहे, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत मिळतं. पुण्याच्या वस्त्यांमध्ये खूप कुटुंबांचं कार्ड गावाकडे असतं: सोलापूर, लातूर, कलबुर्गी, थेट बिहारपर्यंत. एक देश एक रेशन कार्ड योजनेत ते इथल्या दुकानात चालायला हवं, पण आधार जोडणी अर्धवट असली की चालत नाही. नोंदणीच्या पहिल्या पंधरवड्यात हे तपासा. मूल अंगणवाडीच्या पटावर आहे का, तीन वर्षांखालच्याला घरी न्यायचा आहार मिळतो का, तेही पाहा. या कामाला कूपनचा एक रुपयाही लागत नाही आणि त्यातून घराला जे मिळतं, ते कूपन संपल्यावरही चालू राहतं.

पिशव्या वाटायच्या, रोख द्यायची की कूपन, हा वाद जुना आहे. पिशवी स्वस्त पडते, कारण गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून घाऊक माल उचलता येतो. पण कोणाला काय आवडतं याचा विचार त्यात होत नाही. सगळ्यांना एकाच दिवशी दुधी मिळतो, आणि फ्रिज नसलेल्या घरात चौथ्या दिवशी तो फेकला जातो. रोख रक्कम सगळ्यात सोपी आणि मानाची, पण हातात रोकड आली की आधी भिशीचा हप्ता, भाडं आणि दवाखाना असतो, आणि त्यात त्या घराचं काही चुकत नाही. कूपनचा फायदा एवढाच की ते दुसऱ्या खर्चात विरघळत नाही. त्यासाठी छपाई, हिशेब आणि देखरेख यांचा खर्च सोसावा लागतो. भाजी गल्लीत मिळते पण परवडत नाही, अशीच परिस्थिती असेल तर कूपन चांगलं चालतं. तुमच्या वस्तीत ती आहे.

परदेशातल्या अनुभवातून दोन-तीन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. अमेरिकेत विक या माता-बाल पोषण योजनेत २००९ पासून भाजी-फळांसाठी वेगळी रक्कम मिळते. सुरुवातीला त्यात साधा बटाटा चालत नव्हता, २०१५ मध्ये तो आत आला. मॅसॅच्युसेट्समधल्या हॅम्पडेन काउंटीत २०११-१२ मध्ये एक प्रयोग झाला. भाजी-फळांवर खर्च केलेल्या प्रत्येक डॉलरमागे ३० सेंट परत मिळत होते, आणि लोकांचं भाजी-फळं खाणं सुमारे पाव कपाने, म्हणजे २६ टक्क्यांनी वाढलं. परिणाम खरा आहे, पण माफक आहे. निधी देणाऱ्यांना हे आधीच सांगून ठेवा. ब्रिटनमध्ये हेल्दी स्टार्ट या गरोदर बायका आणि लहान मुलांसाठीच्या अन्नमदत योजनेची कागदी व्हाउचरं २०२२ मध्ये बंद होऊन सगळं कार्डावर गेलं. त्यानंतर कार्डाचं मशीन नसलेल्या बाजारातल्या गाळ्यावर ती मदत वापरायची सोय उरली नाही. हातगाडीवर अवलंबून असलेल्या पुण्यासाठी हा धडा मोठा आहे.

आता रकमेकडे येऊ. हिशेब मुलामागे मांडला की तो हमखास चुकतो. घरात भाजीचं पातेलं एकच असतं. मुलापुरती शंभर ग्रॅम भाजी आणली, तर ती पाच जणांत वाटली जाते आणि मुलाच्या ताटात वीस ग्रॅम येते. म्हणून भाजी घरासाठी मोजायची, फळ मुलांसाठी मोजायचं. पाच माणसांच्या घरात सध्याच्या खाण्यावर माणशी रोज १०० ग्रॅम भाजीची भर घालायची ठरवली, तर आठवड्याला साडेतीन किलो होते. देठ, साल, सडकं-किडकं असं पाचवा हिस्सा जातं, म्हणजे खरेदी सुमारे ४.४ किलो. सरासरी भाव किलोला ६० रुपये धरला तर २६५ रुपये. दोन मुलांना रोज एक केळं म्हणजे आठवड्याला १४ केळी. ५० रुपये डझनाने ६० रुपये. बेरीज ३२५. यावरून कुटुंबामागे आठवड्याला ३०० रुपये ही रक्कम बरोबर वाटते, उरलेले घर घालतं. भाव तुमच्या गल्लीतले घालून हा हिशेब पुन्हा करा. पद्धत तीच ठेवा.

शंभर कुटुंबं, २६ आठवडे, ३०० रुपये: ७ लाख ८० हजार. छपाई, एक अर्धवेळ कार्यकर्ती, फोन, पाहणी यांसाठी वर वीस टक्के धरले तर साधारण साडेनऊ लाख. निधी याच्या निम्माच असेल तर रक्कम निम्मी करू नका, कुटुंबं निम्मी करा. आठवड्याला शंभर-दीडशे रुपयांचं कूपन घरच्या नेहमीच्या भाजीखर्चात मुरून जातं. घर तेवढीच भाजी घेतं आणि वाचलेले पैसे दुसरीकडे वळवतं. याला लबाडी म्हणू नये, कोणतंही घर असंच करेल. पण मुलाच्या ताटात फरक पडायचा, तर रक्कम नेहमीच्या खर्चाच्या वर जाणारी हवी.

कंपनीकडून हमखास एक सूचना येते: कुटुंबाने वीस घालावेत, आपण वीस घालू. जिथे थोडीफार मिळकत आहे तिथे ही जोड-रक्कम चालते. महिनाअखेरीला ज्यांच्या हातात वीस नसतात, नेमकी तीच घरं यातून गळतात. तुमच्या शंभरात ती नको.

सहा महिने कोणते, हेही ठरवता आलं तर पाहा. एप्रिलच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत हे सगळ्यात कामाचे २६ आठवडे. मे महिन्यात शाळा बंद, म्हणजे मोठ्या भावंडांचा शाळेतला आहार बंद. त्यात पहिली ते पाचवीच्या मुलाला ५० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला ७५ ग्रॅम भाजी ठरलेली आहे, ती सगळी घरच्या पातेल्यावर येते. पाऊस सुरू झाला की बांधकामं थंडावतात, नाक्यावरच्या मजुरांचे खाडे होतात आणि त्याच वेळी पालेभाजी कडाडते. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो शंभरीपार गेला होता, ते आठवत असेल. श्रावणात आणि गणपतीत भाजीची मागणी वाढते, पितृपक्षात गवार-भेंडी-कारल्याला हात लावता येत नाही. डिसेंबर-जानेवारीत मात्र मेथी, गाजर, मटार स्वस्त असतात, तेव्हा कूपनची गरज तुलनेने कमी. एकूण रकमेशिवाय आणखी सुमारे ६५ हजार बाजूला ठेवा आणि जून ते ऑगस्ट आठवड्याची रक्कम ३५० करा. रक्कम सहाही महिने एकच ठेवली, तर ज्या महिन्यात भाजी महाग त्याच महिन्यात पिशवी हलकी होते.

कूपन कसं असावं? लहान रकमेचं. हातगाडीवर खरेदी पाव किलोने होते किंवा वाट्याने. पाव किलो गवार पंचवीसला, भेंडी वीसला, कोथिंबीर दहाला. पन्नासाचं कूपन दिलं की सुट्ट्यांचा घोळ सुरू होतो: भाजीवाला उरलेले पंधरा रुपये रोख देतो, नाहीतर बटाटे घालून पन्नास पुरे करतो. आठवड्याच्या ३०० साठी वीसची बारा आणि दहाची सहा कूपनं ठेवा. नियम एक: कूपनवर सुट्टे परत मिळत नाहीत, पण वरचे पाच रुपये गिऱ्हाइकाने रोख घालायला हरकत नाही. प्रत्येक कूपनवर अनुक्रमांक, कुटुंब क्रमांक, रक्कम आणि वापराची शेवटची तारीख छापा. नाव छापू नका. ‘गरीब’, ‘कुपोषित’, ‘लाभार्थी’ हे शब्द तर अजिबात नकोत. गाडीभोवती चार शेजारणी उभ्या असतात, त्यांच्यासमोर ते कूपन काढायचं असतं.

झेरॉक्स काढून कूपनं चालवण्याचा प्रकार होतोच. जाड रंगीत कागद, दर आठवड्याला वेगळा रंग, आणि क्रमांक यंत्राने उमटवलेला, एवढ्याने तो जवळपास थांबतो. त्यापुढच्या होलोग्रामवर खर्च करू नका.

चार आठवड्यांची चार रंगांची एकच पुस्तिका महिन्यातून एकदा द्या. धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या बाईला दर आठवड्याला रांगेत उभं करणं म्हणजे तिचा एका घराचा खाडा. वाटप संध्याकाळी सातनंतर, किंवा रविवारी दुपारी. मुदत मात्र त्या आठवड्यानंतर आणखी एक आठवडा द्या. लोक जत्रेला, पेरणीला, लग्नाला गावी जातात. मुदत कडक ठेवली तर शेवटच्या दिवशी सगळी कूपनं घेऊन धावपळ होते, तीन किलो दुधी घरात येतो आणि सडतो. महिन्याची मुदत दिली तर वेगळा त्रास होतो: पुस्तिका पहिल्याच आठवड्यात संपते, पाहुणे आले की सगळी एका दिवसात जाते. दोन आठवडे हा मधला मार्ग आहे.

मोबाइलवरचं कूपन का नको, असा प्रश्न येईल. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेलं ई-रुपी हे डिजिटल व्हाउचर विशिष्ट कामासाठीच वापरता येतं, बँक खातं नसलं तरी चालतं, आणि कागदावर ते फार आकर्षक दिसतं. पण वस्तीत घरटी एकच फोन असतो आणि तो दिवसभर नवऱ्याबरोबर किंवा मुलाबरोबर बाहेर असतो. आठवड्यातून चार वेळा वीस-वीस रुपयांची भाजी घेण्याचा व्यवहार त्यात अवघड जातो. दवाखान्याच्या एकरकमी बिलाला ते ठीक आहे.

कागदी कूपनात कायद्याची एक बाजू आहे, ती सुरुवातीलाच मिटवा. रिझर्व्ह बँकेच्या प्रीपेड साधनांच्या नियमांत कागदी व्हाउचरला परवानगी नाही. म्हणून कूपनला पैशासारखं फिरू देऊ नका. मांडणी अशी करा की भाजी संस्थाच विकत घेते आहे: विक्रेत्याशी खरेदीचा करार, कूपन ही माल दिल्याची पावती, आणि ते ठरलेल्या सहा विक्रेत्यांपलीकडे कुठेही चालत नाही. कराराचा मसुदा आणि कूपनवरचा मजकूर सनदी लेखापालाला आणि एखाद्या वकिलाला छपाईआधी दाखवा. ताज्या भाजी-फळांवर जीएसटी नाही, आणि गाडीवाल्याकडे बिलबुकही नसतं. लेखापरीक्षणाला कूपनांचा गठ्ठा, दिवसाची यादी आणि बँकेतून केलेला भरणा, हे तिन्ही जुळलेले हवेत. सीएसआरसाठी कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात भूक आणि कुपोषण निर्मूलन हे पहिल्याच कलमात येतं, तिथे अडचण नाही.

आता भाजीवाला.

तो पहाटे मार्केट यार्डात जातो आणि माल बहुधा रोखीने उचलतो. दुपारपर्यंत भांडवल मोकळं होतं, संध्याकाळी नफा. भांडवल चार-पाच हजार, तेही कधी उसनं. त्याची हजार रुपयांची कूपनं तुमच्याकडे आठवडाभर पडून राहिली, तर उद्याच्या मालात हजाराची तूट आली. ती तो भावातून भरून काढतो. कूपनवाल्या गिऱ्हाइकाला भाव चढवला जातो तो स्वभावापेक्षा या उशिरापायी. म्हणून पैसे त्याच दिवशी. रात्री नऊ वाजता कार्यकर्तीने कूपनं घ्यायची, रकमेप्रमाणे मोजायची, क्रमांकाची बाजू वर ठेवून फोटो काढायचा, विक्रेत्याच्या वहीत सही करायची आणि तिथेच उभं राहून यूपीआयने पैसे पाठवायचे. क्रमांकांची नोंद संगणकात नंतर झाली तरी चालते, भरणा थांबता कामा नये. रोजचा भरणा अगदीच शक्य नसेल, तर प्रत्येकाला हजार-दीड हजार उचल आधी देऊन ठेवा आणि शेवटी वळती करा.

यूपीआयमध्ये एक बारकावा आहे. गाडीवरचा क्यूआर बऱ्याचदा मुलाच्या, भावाच्या, कधी मालकाच्या खात्याचा असतो. पहिल्या दिवशी एक रुपया पाठवून खात्यावरचं नाव पाहा. ते वेगळं असेल तर विक्रेत्याचं साध्या कागदावर संमतीपत्र घ्या, नाहीतर वर्षाअखेरीला लेखापरीक्षक तुमच्यामागे लागेल. आणि पैसे नातेवाइकाच्या खात्यात अडकले, तर भाजीवाला तिसऱ्या आठवड्यात कूपनं घेणं बंद करेल.

विक्रेते किती? आठवड्याची उलाढाल तीस हजारांची आहे. एकच विक्रेता ठेवला तर भाव त्याच्या हातात जातो. पंधरा ठेवले तर प्रत्येकाच्या वाट्याला इतकं थोडं येतं की कूपन सांभाळायची उठाठेव कोणी करत नाही. पाच ते सहा पुरेत: वस्तीच्या आतल्या दोन गाड्या, मुख्य रस्त्यावरच्या दोन, संध्याकाळी येणारा एखादा टेम्पो आणि एक फळवाला. सरासरी प्रत्येकाला आठवड्याला पाच हजार येतात. एवढी हमी असली तर तो पालेभाजी जास्त आणायची जोखीम घेतो. किराणा दुकानदार शक्यतो टाळा. दुकानात भाजीच्या टोपलीशेजारीच बिस्किटं आणि कुरकुरे टांगलेले असतात, मूल बोट दाखवतं आणि कूपन तिकडे जातं. पथारी व्यावसायिकांच्या संघटनेला आधी भेटलात तर योग्य माणसं लवकर सापडतात. ज्यांना घेतलं नाही त्यांच्याशी वितुष्टही येत नाही.

करार एका पानाचा, मराठीत, मोठ्या अक्षरात. त्यात इतकंच हवं: रोखीच्या गिऱ्हाइकाला जो भाव तोच कूपनला, कूपनवर रोख द्यायची नाही, यादीबाहेरचं काही द्यायचं नाही, काट्याला वैधमापनचा (वजन-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचा) शिक्का हवा, भरणा रोज रात्री, पहिल्या तक्रारीला समज, दुसरीला एक आठवडा बंद, तिसरीला नाव कमी. आणि एक कलम, जे वाचून लोक हसतात पण जे ठेवावंच: इतरांना वरून मिरची-कोथिंबीर देत असाल तर कूपनवालीलाही द्यायची. फुकटाचं गिऱ्हाईक म्हणून तिला ती नाकारली जाते. ती दोन वेळा गप्प बसते आणि तिसऱ्या आठवड्यापासून पुस्तिका घरातच राहते. कूपनं परत न येण्याचं हे कारण कुठल्याही फॉर्मवर कोणी लिहीत नाही.

भावावर लक्ष ठेवायचं तर आठ जिनसा पुरे: मेथी, पालक, भेंडी, गवार, दोडका, लाल भोपळा, टोमॅटो, केळी. आठवड्यातून दोनदा, एकदा आपल्या विक्रेत्याकडे आणि एकदा अर्ध्या किलोमीटरवरच्या योजनेबाहेरच्या गाडीवर भाव नोंदवा. आपल्याकडचा भाव दहा टक्क्यांहून वर दिसला तर बोला. जुडीचा भाव फसवा असतो. घाऊक बाजारात पालेभाजी शेकडा जुड्यांच्या भावाने जाते आणि जुडीचं वजन मोसमाप्रमाणे दुप्पट-निम्मं होतं. म्हणून महिन्यातून एकदा जुडी काट्यावर टाकून किलोचा भाव काढा. पावसात पाणी मारून जड केलेला पालक वेगळा. मार्केट यार्डाला शनिवारी सुट्टी असते, त्यामुळे शनिवारी संध्याकाळी गाडीवर बहुतेक आदल्या दिवसाचा माल असतो. रविवारी आवक मोठी आणि भाव बरे. कुटुंबांना एवढंच सांगा की निम्मी कूपनं रविवार-सोमवारी आणि निम्मी बुधवार-गुरुवारी वापरा. फ्रिज नसलेल्या घराला हे वेळापत्रक कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा उपयोगी पडतं.

यादीत काय ठेवायचं? बटाटा, कांदा, लसूण बाहेर. ते घर एरवीही घेतं, आणि बटाटा पोषणाच्या हिशेबात पोळी-भाताच्या रांगेत बसतो. टोमॅटो आत ठेवा. त्याच्याशिवाय भाजी होत नाही आणि तो बाहेर ठेवला तर रोज भांडण होईल. रताळं आत, भुईमुगाच्या ओल्या शेंगा आत, लिंबू आत. नारळ, नुसती हिरवी मिरची, फळांचे रस बाहेर. सफरचंदावर बंदी नको, पण पेरूबद्दल बोला: क जीवनसत्त्वात पेरू सफरचंदाच्या कितीतरी पुढे आहे आणि किमतीत त्याच्या निम्माही नाही. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये पुरंदरची सीताफळं येतात, मोसमात ती स्वस्त होतात. लहान मुलाला बिया काढून गर द्या. पपई, चिकू, केळी हे वर्षभराचे. मार्गशीर्षातले गुरुवार आणि रमजान यांत फळं महागतात, तेव्हा भाजीकडे वळायला सांगा. अंडी घालायची असतील तर त्यांचं वेगळ्या रंगाचं कूपन काढा. भाजीच्या कूपनात मिसळलीत तर सगळं कूपन अंड्यांवर जाईल. पोषणाच्या दृष्टीने त्यात वाईट काही नाही, पण मग ती भाजीची योजना राहत नाही.

भाजी घरात आल्यावरही ती मुलाच्या पोटात जाईलच असं नाही. नळाला पाणी सकाळी येतं आणि जातं. संध्याकाळी आणलेली मेथी निवडून धुवायला पाणी आणि वेळ दोन्ही नसतं, म्हणून संध्याकाळची खरेदी दोडका, भोपळा, गाजराची आणि पालेभाजी सुट्टीच्या दिवशी. दुसरी अडचण तिखटाची. भाजीत मसाला पडला की तीन वर्षांचं मूल ती बाजूला सारतं. भाजी शिजली की तिखट घालण्याआधी मुलाची वाटी बाजूला काढायची, तीत थोडं तेल किंवा तूप आणि वरण घालून घोटायची. तेल हवंच. भोपळा-गाजर-पालेभाजीतलं अ जीवनसत्त्व त्याच्याशिवाय नीट शोषलं जात नाही. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसभरात मिळून एक वाटी शिजलेली भाजी आणि एक लहान केळं किंवा अर्धा पेरू, इतकं पुरे. नवी भाजी मूल पहिल्यांदा थुंकतं. आठ-दहा वेळा थोडी थोडी समोर आली की बहुतेक मुलं खायला लागतात. आठ-दहा वेळा फुकट घालवायची चैन गरीब घराला परवडत नाही, म्हणून आई तीच बटाट्याची भाजी करत राहते. कूपन ही चैन परवडण्याजोगी करतं, आणि माझ्या मते त्याचा सगळ्यात मोठा उपयोग हाच.

महाराष्ट्रात २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षांच्या सुमारे ६९ टक्के मुलांमध्ये रक्त कमी आढळलं. पालेभाजीतलं लोह मुळात कमी शोषलं जातं. जेवणात लिंबू पिळलं किंवा पेरू खाल्ला तर ते वाढतं, जेवणाबरोबर चहा घेतला तर घटतं. चहा-चपाती हा वस्तीतल्या मुलांचा ठरलेला नाश्ता आहे. तो बंद करा म्हणून उपदेश करण्यापेक्षा चहा जेवणापासून तासभर लांब ठेवा म्हणावं, तेवढं ऐकलं जातं. शेवग्याचा पाला, मुळ्याचा पाला, फ्लॉवरची कोवळी पानं हे भाजीवाला टाकून देतो. ते मागून घ्यायला सांगा. या गोष्टी वर्गात बसवून शिकवू नका आणि वर्गाची हजेरी कूपनशी जोडू नका. अंगणवाडीच्या दारात दहा मिनिटं एक पातेलं चुलीवर चढवा, तेवढं पुरतं.

कुटुंबं निवडताना नुसत्या रेशन कार्डाच्या रंगावर जाऊ नका. कार्ड गावी असलेली आणि कार्डच नसलेली घरं सगळ्यात आधी सुटतात. जागतिक अन्न व कृषी संघटनेची अन्न-असुरक्षिततेची आठ प्रश्नांची मोजपट्टी आहे. पैसे नसल्यामुळे जेवणाची काळजी वाटली का इथपासून, अख्खा दिवस काही खाल्लं नाही असं झालं का इथपर्यंत प्रश्न चढत जातात. ते घरात, शेजारीण नसताना विचारा, आणि कोणत्या उत्तराला कूपन मिळतं हे सांगू नका. अर्ज शंभराहून जास्त आले तर गल्लीच्या सभेत चिठ्ठ्या काढा. नगरसेवकाच्या किंवा मंडळाच्या यादीपेक्षा चिठ्ठी बरी, तिच्यावर कोणी रुसत नाही.

परिणाम मोजायचा तर वजन मोजू नका. सहा महिन्यांत वजनावर आजारपणाचा, जुलाबाचा आणि पावसाचा परिणाम भाजीपेक्षा मोठा असतो. काल सकाळपासून रात्रीपर्यंत मुलाने काय खाल्लं, हे आईला क्रमाने विचारा आणि त्यातल्या वेगवेगळ्या भाज्या आणि फळं मोजा. सहा महिने ते दोन वर्षांच्या मुलासाठी आठपैकी पाच अन्नगट पोटात गेले का, हे जागतिक आरोग्य संघटनेचं माप आहे. सुरुवातीला, दुसऱ्या महिन्यात आणि शेवटी, असं तीनदा पुरे. आदला दिवस सणाचा किंवा उपासाचा नसावा. एप्रिलमधल्या खाण्याची ऑक्टोबरशी तुलना केली तर मोसमाचाच फरक दिसेल. त्यासाठी पन्नास कुटुंबांना आधी आणि पन्नासांना आठ आठवड्यांनी सुरुवात करा. मधल्या काळात दोन्ही गटांना एकाच आठवड्यात विचारलं की फरक कूपनचा की पावसाचा ते कळतं. उशिरा सुरू होणाऱ्यांना वाचलेली रक्कम पुढे वाढवून द्या, आणि हे पहिल्याच दिवशी सांगा.

कूपनांच्या नोंदीतून एक गोष्ट फुकट मिळते. एखाद्या कुटुंबाची सगळी कूपनं एकाच दिवशी, एकाच विक्रेत्याकडून, ओळीने क्रमांकाने आली, तर बहुधा ती वीसला पंधरा या दराने रोखीत मोडली गेली आहेत. घरी जाऊन विचारा, पण दमदाटी करू नका. बहुतेक वेळा औषध, भाडं किंवा दारूपायी घरात भांडण, यांपैकी काहीतरी निघतं, आणि ते भाजीच्या कूपनाने सुटणारं नसतं. विक्रेत्याला मात्र कराराप्रमाणे समज द्या. कूपनं मोडून द्यायची सवय एका गाडीवर लागली की पंधरवड्यात सगळ्या गल्लीला कळतं.

बंद करण्याची तारीख पहिल्या पुस्तिकेवरच छापा. शेवटच्या सहा आठवड्यांत रक्कम टप्प्याटप्प्याने उतरवा: दोन आठवडे २५०, दोन आठवडे २००, दोन आठवडे १००. यातून वाचलेल्या रकमेत ज्या घरात एक वर्षाखालचं मूल आहे, त्यांना दोन महिने जास्त देता येईल. विक्रेत्यांना महिनाभर आधी सांगा, नाहीतर ज्याने तुमच्या भरवशावर पालेभाजीचा माल वाढवला आहे, तो ऐन दिवाळीच्या तोंडावर तोट्यात जाईल. शेवटच्या तारखेनंतरही दहा दिवस रात्रीचा भरणा चालू ठेवा. कूपनं तांदळाच्या डब्यातून, पोराच्या दप्तरातून तोपर्यंत येत राहतात.